बिल्ल्यावर नका जाऊ, आटे मोजा

जुनी ब्रिटिश रॅले सायकल कशी ओळखायची यावर कोणीतरी म्हटलंय की पुढचा बिल्ला आणि चेनव्हीलमधला (पेडलजवळच्या दातेरी चकतीतला) बगळा दिसला की रॅले अस्सल, डोळे झाकून घ्या. नाही पटलं. बिल्ला दोन रिबिटांवर असतो, चेनव्हील कॉटरपिन (क्रँक अडकवणारी खीळ) काढली की सुटतं, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी दोन्ही सुटे मिळतात. खरी खूण बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा एक्सल जिथे फिरतो तो भाग) कपात आहे. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे तिथले आटे इंचाला २६ असतात, बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींचे २४. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावा, लगेच कळतं, आणि हे बदलून कोणी फसवत बसत नाही. (हंबर आणि रज या दुसऱ्या ब्रिटिश सायकल कंपन्या १९३२ला आणि १९४३ला रॅलेकडे गेल्या, त्यामुळे त्यांच्या नंतरच्या फ्रेममध्येही २६ सापडतात.)

आणि हे फक्त ओळखण्यापुरतं नाहीये. मंगळवार पेठेतून एका मित्राने घेतलेल्या फ्रेममध्ये आधीच्या कुणा मेकॅनिकने २४चा कप पान्याला पाइप लावून दामटला होता, तो काढल्यावर आतून पितळी रंगाचा कीस पडला आणि पहिले तीनचार आटे पार सपाट. म्हणून जुना कप झिजलेला वाटला तरी टाकू नका, रॉकेलात भिजवून साफ करा, गोळ्या आणि एक्सल नवीन टाका, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर कंपनीचा गिअरवाला हब असेल तर त्याच्यावरची काजळीही पुसून बघा, बऱ्याचशा हबवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, ५८ म्हणजे १९५८. चाक बदललेलं नसेल तर सायकलचं वय तिथंच मिळतं. पावडर कोटिंगचं (नव्या रंगाचं) नंतर बघू, प्लीज आधी फ्रेमवरच्या जुन्या सोनेरी रेघांचे फोटो काढून ठेवा.