मदत हवी आहे: सहावी ते आठवीची जिल्हा परिषद शाळा पुढे न्यायची आहे

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून गावात एकच चर्चा: आपली शाळा देशभर ओळखली जाईल अशी का होऊ नये?

काही पालकांना डिजिटल बोर्ड आणि रंगरंगोटी आधी हवी आहे. मला ते पटत नाही. सातवीतली काही मुलं अजून अपूर्णांकात अडखळतात, परिच्छेद वाचून अर्थ सांगू शकत नाहीत. पाया तिथे कच्चा आहे. शिवाय गणित-विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले आणि जागा रिकामीच आहे. शिक्षण हक्क कायद्यात या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे विषयवार शिक्षक सांगितले आहेत. पाठपुरावा नेमका कुणाकडे, कसा करायचा?

दुसरं, आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमच्याकडच्या मुलींचं शिक्षण त्यावर टिकू शकतं. तिच्या दोन भागांपैकी शालेय क्षमता चाचणीची तयारी अभ्यासक्रमातूनच होते, पण बौद्धिक क्षमता चाचणीचा सराव सहावीपासून घ्यावा का? त्यात वाचन-गणिताचा वेळ जाईल, अशी भीती वाटते.

ज्यांनी आपल्या शाळेत हे घडवलंय, त्यांनी पहिल्या वर्षी काय केलं आणि काय मुद्दाम टाळलं, ते कृपया सविस्तर लिहा. जवळपासची शाळा असेल तर आम्ही शिक्षकांसह बघायला येऊ.