नाव विसरली, तरी आजीच
माणूस 'तोच' राहतो तो आठवणींमुळे, आठवणी गेल्या की तो माणूसही गेला, असं बरेच जण म्हणतात. 'आठवणी म्हणजेच मी' हा मुद्दा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून चालत आलाय, पण मला तो अर्धाच पटतो. लालबागच्या आमच्या चाळीत आजीला अल्झायमर झाला. शेवटी शेवटी माझं नावही तिला आठवेना. पण दाराशी कुणी आलं की ताटातली पोळी मोडून अर्धी पुढे करायचीच. आम्हाला ती कधी परकी वाटली नाही.

स्ट्रोमिंजर आणि निकोल्स या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या नातेवाइकांना विचारलं होतं. माणूस 'तो राहिला नाही' असं वाटण्याचा संबंध विसरण्यापेक्षा माया, प्रामाणिकपणा बदलण्याशीच जास्त निघाला. शेजारच्या काकांचं तसंच झालं. नावं सगळी लक्षात, पण तोंडात सतत शिव्या. काकू रडत म्हणायच्या, "हे आमचे नव्हेतच."