एमडी सोडून आठ महिने झाले, भावाला कशातच मजा येत नाही. डोपामिन रिसेप्टर परत येतात का?

नमस्कार मंडळी, आयडी नवीन काढलाय, कारण कळेलच. धाकटा भाऊ, वय २६, तीन वर्षं एमडी घेत होता, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग, म्याव म्याव म्हणतात तेच. आठ महिने पूर्ण बंद आहे, लघवीची टेस्टही क्लीन येते, पण पोरगा विझल्यासारखा झालाय. परवा आईने मुद्दाम पुरणपोळ्या केल्या, एरवी तव्यावरूनच पळवायचा, तर अर्धी खाऊन ताट सरकवलं आणि म्हणाला "चांगली झालीये गं, पण मला काही होत नाही."

मग रात्र रात्र वाचत बसले. मला कळलं ते असं की या ड्रगने डोपामिनचा, म्हणजे मेंदूत मजा जाणवून देणाऱ्या रसायनाचा, पूर येतो, सारखा पूर आला की मेंदू डी२ रिसेप्टर, म्हणजे ते डोपामिन पकडणाऱ्या जागा, कमी करतो, मग पोळीमुळे सुटणारं थोडंसं डोपामिन जाणवतच नाही. व्यसनावर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्को यांच्या २००१च्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूत आत काय चाललंय ते दाखवणारं स्कॅन) मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन हे असंच ड्रग, सोडून वर्ष उलटलेल्यांचे डोपामिन ट्रान्सपोर्टर बरेच भरून आलेले दिसले, स्मरणशक्ती मात्र तितकी सुधारली नव्हती. ट्रान्सपोर्टर आणि रिसेप्टर एकच का? डॉक्टर नुसतं थांबा म्हणतात. किती थांबायचं? आई म्हणते त्याचंपण स्कॅन करू.

प्रतिसाद १
ताई, एकच नाही. ट्रान्सपोर्टर सुटलेलं डोपामिन परत उचलून नेतो, रिसेप्टरला ते जाऊन चिकटतं. २००६ साली माकडांवर प्रयोग झाला होता, वर्षभर कोकेन घेतलेल्यांपैकी काहींचे डी२ तीन महिन्यांत पूर्ववत, काहींचे वर्षानंतरही नाही. त्यामुळे तारीख कुणी देणार नाही. स्कॅनवर पैसे घालू नका, त्याने औषध बदलत नाही, आधी डिप्रेशन आहे का ते तपासून घ्या. आणि जगून काय करू असं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, रात्रीबेरात्री टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहेच.

अजून एक, मेथ सोडलेल्यांकडून आठ आठवडे नियमित व्यायाम करून घेतला तर डी२ वाढलेले दिसलेत. मी स्वतः यातून गेलोय, मला अकराव्या महिन्यात कटिंगची चव लागली, त्याआधी नुसतं गरम पाणी.

धागाकर्ती
अकरावा?? बरं. व्यायामाचं माहीतच नव्हतं. पहाटे चारला झोपतो हो तो, तरी उद्या टेकडीवर नेऊन बघते, उठला तर.