स्लेयर ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि त्यांच्यावरच्या आरोपांचं काय?

सातवी_तार:
मेटॅलिका, मेगाडेथ हे मेटल बँड भरपूर ऐकून झालेत, आता त्याच प्रकारातला स्लेयर ऐकायचाय. अकरावीतला मुलगाही सोबत ऐकणार आहे. पण हा नाझींचा उदोउदो करणारा बँड असल्याचं बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्यात तथ्य किती? आणि पहिला अल्बम कोणता घ्यावा?

डबलबास:
'रेन इन ब्लड', १९८६. दुसरा विचारच करू नका. दहा गाणी, जेमतेम २९ मिनिटं. कॅसेटच्या प्रत्येक बाजूला अख्खा अल्बम मावायचा. मध्ये न थांबता ऐका. आधीच्या 'हेल अवेट्स'मध्ये आवाज घुमतो. इथे निर्माता रिक रुबिनने ती घुमारी काढून टाकली, त्यामुळे गिटार थेट कानाशी येते. रुबिन तोवर हिप-हॉपवाला, तरी या संगीताला काय हवंय ते त्याला नेमकं कळलं. ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे पाय ऐकायचे असतील तर 'एंजल ऑफ डेथ'च्या उत्तरार्धात बाकी सगळे थांबतात आणि फक्त पायाने वाजवायचे बास ड्रम वाजतात, तो तुकडा ऐका.

वादाचं मूळही हेच गाणं. ऑशविट्झ या नाझी छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले याने कैद्यांवर केलेल्या प्रयोगांवर गिटारवादक जेफ हॅनमनने ते लिहिलं. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम वितरित करायला नकार दिला, शेवटी गेफन या दुसऱ्या कंपनीने केला. गाण्यात मेंगेलेची स्तुती नाही, पण उघड निषेधही नाही. अत्याचारांचं वर्णन करून ते थांबतं. तो माणूस दुष्ट होता हे वेगळं सांगायला लागू नये, अशी हॅनमनची भूमिका होती. मला ती पटते. गायक टॉम अराया चिलीत जन्मलेला, लोम्बार्डो क्यूबात, रुबिन ज्यू. वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांची ही टोळी नव्हे. मात्र हॅनमन नाझी पदकं जमवायचा, बोधचिन्हात नाझींसारखा गरुड, चाहत्यांच्या क्लबच्या नावात 'वेरमाख्ट' (नाझी जर्मनीचं सैन्य). संशयाला जागा त्यांनीच करून दिली, आणि ते मला आजही खटकतं. मुलाला गाणं ऐकवण्याआधी मेंगेले कोण होता ते जरूर सांगा.

कांदिवलीकर:
वरच्या सल्ल्याशी असहमत. नवख्याला 'रेन इन ब्लड'मध्ये वेगापलीकडे काही ऐकूच येत नाही. 'सीझन्स इन द अबिस' (१९९०) आधी घ्या. त्यात वेगही आहे, संथ गाणीही आहेत आणि अरायाचे शब्द कळतात. मग 'साउथ ऑफ हेवन' (१९८८), जिथे त्यांनी मुद्दाम लय उतरवली.

आपल्या मुंबईतही एक वाद झाला होता. २००६ साली 'क्राइस्ट इल्यूजन' आला. मुखपृष्ठावर छिन्नविच्छिन्न ख्रिस्त. कॅथलिक सेक्युलर फोरम या संघटनेने आक्षेप घेतला आणि ईएमआय इंडिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम मागे घेऊन साठा नष्ट केला. ते चित्र पाहून भाविक दुखावले याचं मला नवल वाटत नाही, पण ज्याला ऐकायचं होतं त्याच्या हातातून अल्बमच काढून घेणं मला पटलं नाही. त्यातल्याच, युद्धाने मनातून मोडलेल्या सैनिकावरच्या 'आइज ऑफ द इन्सेन'ला २००७ मध्ये ग्रॅमी मिळालं. अराया स्वतः कॅथलिक आहे, हेही लक्षात असू द्या.

डबलबास:
संथ गाण्यांचा मुद्दा मान्य. पण मेगाडेथ पचवलेला कान नवखा कसा? माझं मत 'रेन'लाच.

सातवी_तार:
दोघांचेही आभार. 'रेन' आधी, 'सीझन्स' लगेच नंतर. एक राहिलं: गाण्यांमुळे खून झाल्याचा खटला होता ना? आणि नंतरचे अल्बम घ्यावेत का?

कांदिवलीकर:
हो. कॅलिफोर्नियात १९९५ साली एका मुलीचा खून झाला. तिच्या पालकांनी बँडवर दावा लावला, तो २००१ मध्ये फेटाळला गेला. त्या आईवडिलांचं दुःख समजतं, पण खुनाची जबाबदारी गाण्यावर टाकता येत नाही.

नंतरच्यांपैकी 'वर्ल्ड पेन्टेड ब्लड' (२००९) घ्या. गिटारवादक केरी किंग, हॅनमन, अराया, लोम्बार्डो हे चौघे एकत्र असलेला तो शेवटचा. मे २०१३ मध्ये हॅनमन गेला. 'रिपेंटलेस' (२०१५) मध्ये हॅनमनच्या जागी एक्सोडस बँडचा गिटारवादक गॅरी होल्ट आहे. वाजवतो उत्तम, पण हॅनमनच्या चालींमधली ती भीती मला त्यात सापडत नाही. तो सगळ्यात शेवटी ऐका.