टियर-४ च्या पाटीवर किती भरवसा ठेवायचा? (महापे-ऐरोलीची डेटा सेंटरं आणि आपण)

खाडीपलीकडचा
ठाणे-बेलापूर रोडने दिघ्यापासून महाप्यापर्यंत एकदा चक्कर मारा, जिथे जुन्या केमिकल कंपन्या होत्या तिथे आता खिडक्या नसलेल्या उंच बिल्डिंगी उभ्या राहतायत, गच्चीवर चिलर, मागे ओळीने जनरेटर. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेतला जवळपास निम्मा वाटा मुंबई-नवी मुंबईचा आहे. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं सगळं क्लाउडवर न्यायचं घाटतंय आणि येणारा प्रत्येक सेल्सवाला तेच ऐकवतो, सर टियर-४ आहे (म्हणजे डेटा सेंटरच्या भरवशाचा सगळ्यात वरचा दर्जा), ९९.९९५ टक्के, वर्षाला फार तर २६ मिनिटं बंद. कमिटी त्या २६ मिनिटांवर जाम खूश.
माझं म्हणणं असं की टियर मिळतो बिल्डिंगला, आपल्या सॉफ्टवेअरला नाही. बिल्डिंगमध्ये दिवे लखलखीत चालू आणि तुमचं काम ठप्प, असं भल्याभल्यांचं झालंय. त्यात सगळं एकाच पट्ट्यात, एकाच ग्रिडवर, एकाच पावसाखाली. एका कोटेशनमध्ये तर मेन साइट रबाळ्याला आणि डीआर (मेन बंद पडली तर काम चालवायची पर्यायी जागा) महाप्याला! दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवण्यातला प्रकार. त्या टियरच्या जास्तीच्या पैशात साध्या जागेत दोन ठिकाणी ठेवावं, एक कॉपी नागपूर नाहीतर हैदराबादला. बोला.

रात्रपाळी
मी याच पट्ट्यात डेटा सेंटरला नोकरी करतो, कंपनीचं नाव सांगत नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे लाईनच्या भानगडीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या हॉलमधल्या एकाही सर्व्हरला पत्ता लागला नाही. लाईट गेली की त्याच क्षणी लोड बॅटरीवर, दहा-पंधरा सेकंदात डीजी (डिझेल जनरेटर) चालू, मग सगळे डीजी एकमेकांशी सिंक झाले की लोड तिकडे, बॅटरी परत चार्जिंगला. लिहायला एक ओळ लागते पण ती ओळ तशीच घडावी म्हणून वर्षभर जे चालतं ते बाहेरच्याला दिसत नाही. डीजी नुसता रिकामा फिरवून चालत नाही, लोड टाकून बघावा लागतो. डिझेल टाकीत पडून राहिलं की त्यात पाणी धरतं, गाळ होतो, तो फिल्टर चोक करतो आणि नेमका गरजेच्या दिवशी डीजी खोकून बंद पडतो, म्हणून डिझेलसुद्धा गाळून घ्यावं लागतं.
आता तुमच्या "साध्या जागेचं" बघू. टियर-३ म्हणजे कुठलंही एक मशीन मेंटेनन्सला काढलं तरी सर्व्हर बंद करायला लागू नये. टियर-४ म्हणजे एखादं मशीन न सांगता मेलं तरी चालू राहिलं पाहिजे, म्हणून प्रत्येक रॅकला ए आणि बी अशा विजेच्या दोन वेगळ्या फीड, दोन वेगळ्या रस्त्याने आलेल्या. साध्या जागेत मे महिन्यात एसी ट्रिप झाला ना, तर भरलेल्या रूमचं तापमान काही मिनिटांत चाळिशीला जातं. दोन कच्च्या जागा म्हणजे दोनदा डोकेदुखी, एवढंच.

खाडीपलीकडचा
लाईटचं तुमचं ठीक, पण मग २१ नोव्हेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेच्या प्रायमरी डेटा सेंटरची लाईट गेली आणि नेटबँकिंग कोलमडलं त्याचं काय? रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबरला नव्या डिजिटल योजना आणि नवीन क्रेडिट कार्डं थांबवायला लावली. त्यांच्याकडे पैसा कमी होता की इंजिनिअर?
आणि २४ फेब्रुवारी २०२१ घ्या. एनएसई, आपला शेअर बाजार, सकाळी पावणेबाराला बंद, दुपारी पावणेचारला परत चालू. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाईन घेतलेल्या, दोन्ही गेल्या. कारण काय दिलं, तर वाटेत रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम! मुंबईत राहणाऱ्याला यात नवल काहीच नाही. वीज होती, मशीनं होती.

पुणेरी_पॅच
तुम्ही दोघं बिल्डिंगवरच अडकलात राव. क्लाउड म्हणजे एक बिल्डिंग नव्हेच. एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबई रीजन (एका भागातल्या सेंटरांचा गट) २०१६ पासून आहे, त्यात आता तीन झोन (एकमेकांपासून स्वतंत्र सेंटरं) आहेत, प्रत्येकाची वीज वेगळी, कूलिंग वेगळं, एकमेकांपासून अंतर राखून बांधलेले. २०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबाद रीजन आलं. मायक्रोसॉफ्टचं पुणे, चेन्नई, मुंबई २०१५ पासून. म्हणजे तुम्ही जे नागपूर नागपूर करताय ते विकत मिळतंच, दोन झोनमध्ये टाका आणि रात्रीची कॉपी हैदराबादला. टियर कोणता हे विचारायची पण गरज नाही, एक बिल्डिंग जाणारच हे धरूनच सगळं रचलेलं असतं. ट्रस्टच्या हॉस्पिटलने स्वतः डीजीचं डिझेल गाळत बसायचं का?

कमळाताई_बी_एस्सी
पुणेरी, विकत मिळतं आणि घेतलं जातं यात फरक आहे हो. आमच्याकडे बिल कमी करायचं म्हणून पहिल्यांदा दुसरा झोनच कापला.
आणि झोन वेगळे असूनही वरचं सॉफ्टवेअर एकच असतं ना. २० ऑक्टोबर २०२५ ला एडब्ल्यूएसचं व्हर्जिनिया रीजन कोलमडलं ते काय आगीने नाही, पुराने नाही. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसचा डीएनएसमधला (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची यादी) पत्ता भरणारी ऑटोमॅटिक सिस्टिम दोन जागी एकाच वेळी धावली, जुन्याने नव्याला पुसलं, पत्ता कोरा. सगळ्या झोनमध्ये एकदम. जगभरातल्या ॲप बसल्या.

कृष्णाकाठ
पतसंस्थेत काम करतो, सांगली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचा सर्व्हर तळमजल्यावर, स्ट्राँगरूमच्या शेजारच्या खोलीत. पाणी चढतंय म्हटल्यावर शिपाई आणि मी दोघांनी सर्व्हर काढून वरच्या मजल्यावर नेला, यूपीएस आणि बॅटऱ्या तिथंच बुडल्या, त्या नेण्यासारख्या नसतातच. बॅकअपची हार्डडिस्क कुठं होती विचारा. त्याच खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात.
तवापासून क्लाउडवर हाय. टियर कितवा ते मला म्हाईत नाही, आमच्यासाठी तो मुंबईत हाय आणि नदीकाठी नाही एवढं बास. खाडीपलीकडचे साहेब, तुमी साध्या जागेचं म्हणता तवा आमची ती खोली आठवा. अडचण आता येगळीच, रस्ता रुंदीकरणात फायबर तुटली की शाखा बंद, मोबाईलच्या नेटवर कसंतरी चालवतो, पासबुकं नंतर भरून देतो. तुमचं ९९.९९५ टक्के आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतच येतं.

एडिसनकर
अमेरिकेतून लिहितोय, हेच खातो-पितो. दोन ठिकाणी ठेवणं पण पुरत नाही याचं उदाहरण मे २०२४ चं ऑस्ट्रेलियातलं. युनिसुपर नावाचा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद, गूगल क्लाउडवर. दोन ठिकाणी ठेवलेलं, शिस्तीत. सेटअप करताना गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता, मुदत संपल्यावर सिस्टिमने त्यांचं प्रायव्हेट क्लाउडच डिलीट केलं, दोन्ही ठिकाणचं. वाचले ते बॅकअप शाबूत होते म्हणून, त्यातला एक वेगळ्याच कंपनीकडे होता, तरी सगळं मार्गी लागायला आठवड्याच्या वर गेलं. म्हणून तिसरी कॉपी दुसऱ्या अकाउंटला, दुसऱ्या कंपनीकडे, आणि तिचा डिलीट करायचा हक्क पहिल्या ॲडमिनला द्यायचाच नाही.

पुणेरी_पॅच
एडिसनकर, अशी उदाहरणं काढायची तर मालकीच्या सेंटरची पण काढा की. दक्षिण कोरिया, डेजॉन, २६ सप्टेंबर २०२५. सरकारचं स्वतःचं डेटा सेंटर, यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, सहाशेच्या वर सरकारी सिस्टिम बंद. सरकारी कर्मचारी ज्या ड्राइव्हवर फायली ठेवायचे तो ८५८ टीबीचा साठा जळून गेला, बॅकअप का नव्हता तर म्हणे आकाराने फार मोठा. २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीची बिल्डिंग जळाली तेव्हाही तेच, कितीतरी लोकांचे बॅकअप त्याच आवारात.

रात्रपाळी
बॅटरीरूमच्या आगीवर मी बोलू शकेन पण रात्र जाईल. एनएसईचा मुद्दा मात्र अर्धाच सांगितला खाडीपलीकडच्यांनी. त्यांची डीआर साइट चेन्नईला होती. दूर होती, मुंबईच्या विजेवर अवलंबून नव्हती, तुम्हाला हवी तशीच. तरी त्या दिवशी तिकडे गेलेच नाहीत. म्हणून तर सेबीने पुढच्याच महिन्यात नियम काढला की अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत डीआरवरून काम सुरू करा. नागपूरला कॉपी ठेवली तरी "आता तिकडे जाऊया" हे रात्री दोन वाजता कोण म्हणणार? ट्रस्टी? की तो पंचवीस वर्षांचा पोरगा ज्याला उद्या नोकरी टिकवायचीय? तिकडे गेलो आणि शेवटच्या दहा मिनिटांच्या नोंदी राहून गेल्या तर शिव्या कोणाला? या भीतीपोटी लोक तासन्तास "होईल, येईल" करत मेन साइटचीच वाट बघत बसतात.

खाडीपलीकडचा
हे मान्य, आणि हे कुठल्याच कोटेशनमध्ये नाही. एसएलए (सेवेच्या हमीचा करार) वाचला तर भरपाई म्हणजे त्या महिन्याच्या बिलातले काही टक्के क्रेडिट. ओपीडीत दोनशे पेशंट उभे आणि आम्हाला पुढच्या बिलात सूट! तरी रबाळे-महापे जोडी मी पास करणार नाही. डीआर हैदराबादला आणि दर तीन महिन्यांनी अख्खा दिवस तिकडूनच चालवून दाखवायचं, टेंडरमध्ये घालतो.

कमळाताई_बी_एस्सी
ते घालाच, पण आधी सांगा सीटी-एमआरआयच्या इमेजेस किती आहेत आणि लाईन किती एमबीपीएसची आहे. लोक कॉपी कुठे ठेवायची यावर भांडतात, परत आणायला किती वेळ लागेल हा हिशेब कोणी करत नाही.

खाडीपलीकडचा
इमेजेस साधारण १० टीबी. लाईन १०० ची.

कमळाताई_बी_एस्सी
पूर्ण वेगाने, दुसरं काहीही न चालवता, नऊ दिवस.

कृष्णाकाठ
आनि गल्लीत खोदकाम नसंल तर.