मदत हवी आहे: घरून येणाऱ्या ऑक्सिजनच्या आकड्यावर किती विसंबायचं?

बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात छातीच्या ओपीडीला सिस्टर आहे. सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागतो, तो फुप्फुसाचा जुनाट आजार) 26 पेशंटना घरी ऑक्सिमीटर दिलेत, सकाळ-संध्याकाळ आकडा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. फोन माझा, रिचार्जही माझाच, ते जाऊ द्या.

मागच्या महिन्यात धारूरकडच्या एका आजोबांचा आकडा आला 98. मुलगा-सून कोयत्यावर गेलेत, घरात आजोबा आणि तिसरीतला नातू. आकडा नातूच कळवतो. कायम 90-91 असणारा माणूस, ऑक्सिजन लावलेला नाही, एकदम 98 कसा? फोन केला तर "सिस्टर... बरं... हाय" एवढ्यात दोनदा थांबले. फोटो मागवला. फोटोत मशीनवरची अक्षरंच उलटी! पोरगं आजोबांच्या समोर उभं राहून वाचत होतं. मशीनवरचं 86 उलट्या बाजूनं बघितलं की 98 दिसतं, करून बघा. 108 बोलावली, चार दिवस अ‍ॅडमिट होते, आता घरी आहेत. तेव्हापासून चांगला आकडा आला की मी दचकते.

घरी काँसंट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) असणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. करोनात 94 च्या खाली गेलं की पळा, हे डोक्यात पक्कं बसलंय. डॉक्टरांनी 88 ते 92 पुरे असं लिहून दिलंय, तरी एक जावईबापू 2 लिटरचं 5 करतात आणि कौतुकानं 97 चा फोटो पाठवतात. अशानं कार्बन डायऑक्साइड साठून म्हातारा गुंगीत जाईल, हे फोनवर पटवता पटवता माझाच घसा बसतो.

तर विचारायचंय, आकडा सोडून फोनवर तुम्ही काय विचारता? आणि रात्री येणाऱ्या मेसेजचं काय करता?

लातूरची सिस्टर: ताई, मशीनच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका ज्याच्याकडे, त्यानंच वाचायचं. (बोटाला मात्र नेलपॉलिश नको, मेंदी नको, आणि थंडीत बोट चोळून गरम करून मगच लावायचं.) फोनवर मी पेशंटलाच एका दमात आकडे म्हणायला लावते. काल वीसपर्यंत गेला आणि आज अकराला थांबला, तर मशीन काहीही म्हणो, बोलावून घेते. बेडका पिवळा-हिरवा झाला का, रात्री बसून झोपावं लागतं का, पाय सुजलेत का, सकाळी डोकं जड असतं का, एवढं विचारतेच. रात्रीचं म्हणाल तर फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून देतो: रात्री 8 नंतर मेसेज बघितला जाणार नाही, दम वाढला तर थेट 108.

धागाकर्ती: ठिपका उद्याच देते. आठच्या नियमाचं मला जमेलसं वाटत नाही. काल साडेअकराला त्याच नातवाचा मेसेज: "90. आजोबा झोपलेत." झोपलेत की गुंगीत आहेत, हे त्याला कसं कळणार? फोन करून उठवायला लावलं. झोपलेच होते. झोपमोड केली म्हणून मलाच बोलले, आणि पूर्ण वाक्य एका दमात बोलले.