आधी पॉइंट्सची गॅप, मग टायमिंग
जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडावा ते, कसं लावायचं यावर वर सल्ला आलाय: डिस्ट्रिब्युटर (प्लग्जना स्पार्क वाटणारा भाग) फिरवत जायचं आणि इंजिन सर्वांत सुरळीत चाललं की तिथेच आवळायचं. हे आयडलिंगपुरतं (गाडी उभी असताना इंजिन चालण्यापुरतं) ठीक आहे. पण कानाने लावलेलं टायमिंग बहुतेक वेळा जास्तच ॲडव्हान्स होतं, म्हणजे स्पार्क फार लवकर पडतो, आणि ते चढावर कळतं. डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरला की क्रँकवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) दोन अंशांचा फरक पडतो, हेही विसरू नका.

पण वर कुणीच पॉइंट्सच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या ज्या स्विचची उघडझाप होऊन स्पार्क पडतो त्याच्या, गॅपबद्दल लिहिलं नाही. आमच्या पद्मिनीचे पॉइंट्स उघडले तेव्हा कॅमवर घासणारी टाच झिजली होती, ग्रीसचा पत्ता नव्हता. टाच झिजली की गॅप कमी होते आणि स्पार्क उशिरा पडतो. मेकॅनिकने ते डिस्ट्रिब्युटर फिरवून भरून काढलं होतं. पुढे नवे पॉइंट्स योग्य गॅपला बसवले, टायमिंग मात्र तेच ठेवलं, त्यामुळे ते जास्त ॲडव्हान्स झालं आणि खंबाटकी घाटात इंजिन खडखड नॉक करायला लागलं! म्हणून आधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप, मगच टायमिंग. टायमिंग लाइट (टायमिंग तपासायचा दिवा) नसेल तर पॉइंट्सची वायर आणि बॉडी यांत १२ व्होल्टचा बल्ब जोडा, इग्निशन ऑन करून इंजिन हाताने फिरवा. इंजिनवरच्या टायमिंगच्या खुणा जुळताना बल्ब पेटला पाहिजे.